अक्कांचं जितं खापर

"पाय नको ठेवू वं माय! तठे राजधानी शे!"

अक्कांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. धुळ्यात देवपुरातल्या त्यांच्याच घरी आम्ही भाड्यानं राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. मी कराडची, नवं लग्न झालेली. नवरा पाटबंधारे खात्यात, सकाळी जीपमधून जाई तो संध्याकाळी धुळीनं माखून येई. ओले कपडे वाळत घालायला मी गच्चीवर गेले, तर चार बायका एका पसरलेल्या जुन्या धोतराभोवती बसलेल्या. धोतरावर तळहाताएवढी गोल गोल बिबडी थापलेली. माझा पाय त्या धोतराच्या कोपऱ्याजवळ पडणार, तेवढ्यात नऊवारी नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू असलेली एक उंच बाई ओरडली. मी पाय उचलून एका पायावर उभी राहिले. राजधानी कुठं आहे ते मला दिसेना.

बिबडे हा ज्वारीचा खान्देशी पापड. आंबवलेल्या पिठाचा तिखट घाटा शिजवायचा आणि तो गरम असताना ओल्या कापडावर हातानं थापायचा. ऊन लागलं की तो कापडापासून आपोआप सुटतो. एवढं मला त्या दिवशी कळलं. बाकीचं कळायला तो सगळा उन्हाळा लागला, कारण त्या बायका बिबडे नुसते थापत नव्हत्या, त्या खेळत होत्या.

खेळ अक्कांचा होता. त्यांचं माहेर शिंदखेड्याकडचं. लहानपणी भावंडांत असंच काहीतरी त्या खेळत, आणि मग सासरी आल्यावर त्यांनी तो वाढवत नेला. धोतर म्हणजे मुलूख. त्यावरचं प्रत्येक बिबडं म्हणजे एक गाव. जे बिबडं अजून ओलं आहे तो चिखल, तिथं कुणालाही जाता येत नाही. जे वाळून सुटलं ती पक्की जमीन. प्रत्येकीची एक सोंगटी असे. शेजारच्या विमलचं लाल बटण, कुसुममावशींची कवडी, मला पुढं गुंज मिळाली. फोडलेले चार चिंचोके टाकायचे, पांढरी बाजू किती पडली ते बघायचं आणि वाळलेल्या गावांवरून पुढं सरकायचं. अक्का दर थोड्या वेळानं बिबड्याच्या कडेला बोट लावून बघत आणि निकाल देत.

"अजून चिखल शे," किंवा "सुटनं! चाल पुढे."

बाकी सगळं आभाळ ठरवी. कावळा येऊन बिबडं पळवून गेला की काळ्या फौजेनं एक गाव लुटलं. बकरी गच्चीवर आली की प्रलय. ढग आला की मुलुखात संध्याकाळ झाली, सगळ्यांनी जिथल्या तिथं मुक्काम करायचा. विमलचा नवरा एस.टी.त कंडक्टर होता. ती एकदा त्याला सांगताना मी ऐकलं, "आज मी तीन गावं जिंकनू, आन मंग बकरी उनी." तो बिचारा तोंडातला घास तसाच ठेवून बघत राहिला.

पण खेळाचा जीव होता तो जितं खापर. खापर खान्देशात सगळ्यांना माहीत असतं. चुलीवर पालथं ठेवायचं मातीचं मोठं भांडं, त्याच्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात. अक्कांच्या मुलुखातलं खापर मात्र जिवंत होतं. ते कधी गार होत नसे. खेळात त्याच्यासाठी अक्का एक खापराचा तुकडाच ठेवत, बोटभर लांब, एका बाजूनं काळा. तो धोतराच्या मधोमध असे आणि त्याला सहज म्हणून कुणी हात लावायचा नाही.

त्याची कथा अक्का बिबडे थापता थापता सांगत. मुलुखात पूर्वी ऊन नव्हतं. सगळाच चिखल. एका आंधळ्या कुंभारणीच्या गालावर मावळत्या सूर्याची ऊब शेवटची लागली. तिनं ती गालावरून पुसून घेतली आणि मातीत मळली. त्या मातीचं हे खापर झालं. ते जिथं ठेवावं तिथला चिखल वाळे. त्यावर एक मांडा भाजला तर एक गाव जेवे. दुसरा भाजला तर चालून आलेली फौज थांबे, कारण फौजही जेवायला बसे. तिसरा भाजला तर दुपार थांबून राही. "आन चवथा?" असं मी विचारलं, तेव्हा अक्कांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. म्हणाल्या, "चवथा कोन भाजई? तवलोंग पीठ सरी जास."

एवढी ताकद फुकट मिळत नाही, ही अक्कांची पक्की समजूत. ज्याच्याकडे खापर, त्याला स्वतःच्या हातानं जेवता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी घास भरवायचा. कुणी भरवणारं नसेल तर जगात सगळ्यांना जेवू घालणारी ती बाई उपाशी मरणार. शिवाय ते विकत घेता येत नाही, चोरता येत नाही. ते आपण होऊन ज्याच्या मुलखात पडेल त्याचं. "नियम मना नही, मुलूखना शे," अक्का म्हणत. "माले बी लागू शे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढं माझ्या घरातही ते सुरू झालं.

मालकिणी तीन होऊन गेल्या होत्या. पहिली राजधानीची राणी. तिनं फक्त आपल्या फौजेला खाऊ घातलं, फौज एवढी लठ्ठ झाली की कुणाला गड चढवेना आणि काळ्या फौजेनं राजधानी घेतली. दुसरी एका सावकाराची बायको. तिनं खापर तिजोरीत ठेवून कुलूप लावलं, तर तिजोरीच वितळून चिखलात गेली. हे सांगताना अक्का हातवारे करत, घाटा चमच्यावरून खाली पडे आणि कुसुममावशी ओरडत. तिसरीचं काय झालं ते मात्र अक्का कधीच सांगत नसत. विचारलं की एकच उत्तर.

"तिसरीनी गोठ अजून व्हवानी शे."

मला वाटे, त्यांना ती अजून सुचली नसावी. माझी मुलगी कॉलेजात गेल्यावर एका मैत्रिणीकडच्या कॉम्प्युटरवर खेळ खेळून आली आणि त्यातल्या जादूच्या तलवारीचं वर्णन मला करू लागली. ती तलवार डोंगर कापते, राक्षस मारते वगैरे. मी विचारलं, "आणि ज्याच्याकडे ती आहे त्याला जेवू कोण घालतं?" त्यात जेवणच नसतं, असं ती म्हणाली. मला तो खेळ अगदीच कच्चा वाटला.

आता अक्कांच्या घराबद्दल सांगते. घर एकच होतं, पण मधोमध भिंत घालून त्याची दोन घरं केलेली. गच्चीवरही मध्ये गुडघ्याएवढा कठडा. कठड्याच्या अलीकडे अक्का, पलीकडे त्यांची धाकटी जाऊ सुमन. तिला सगळे धाकटी म्हणत. ती बोदवडची. बारीक चणीची, झपाझप काम करणारी बाई. तीही त्याच दिवसांत आपल्या गच्चीवर बिबडे घाली, एकटी. आमचं हसणं, भांडणं, गावं लुटली जाणं हे सगळं तिला ऐकू जाई. ती कधी मान वळवून बघत नसे. अक्काही तिकडे बघत नसत. एकदा कावळा पलीकडून उडून आमच्याकडे आला तेव्हा अक्का म्हणाल्या, "तथाईन उना तो," आणि पुढं काही नाही.

कारण मला विमलकडून कळलं, तेही माझ्या पहिल्या श्रावणात. श्रावणात खान्देशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला देवीसारखं सजवतात, रोट करतात. रोटाचं पीठ घरातल्या पुरुषमाणसांच्या नावानं मुठीमुठीनं घेतात, आणि सगळी भाऊबंदकी एकत्र बसून ते जेवते. एक घर जरी रुसलेलं असलं तरी कानबाई बसत नाही. आमची सगळी आळी त्या रविवारी गाण्यांनी भरून गेली होती, आणि अक्कांच्या ओसरीवर अंधार होता. अक्का दारात बसून शेंगा फोडत होत्या. एवढी मोठी बाई अशी गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"त्यास्ना घर कानबाई बसत नही," विमल मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली. "दोन्ही जावास्नं बोलनं बंद शे. एक खापरवरथीन."

"खापरावरून?"

"सासूनं खापर व्हतं. बहू जुनं. तिना तेरावाले त्यावर मांडा भाजात. त्याच दिन वाटनी निंघनी. खापर कोनं, तर दोन्ही म्हनेत मनं. दोन्हीस्नी धरं आन ते पडनं. फुटनं. अक्का सांगस धाकलीनी सोडं. धाकली सांगस अक्कानी वढं."

सासूची कानबाई, म्हणजे तिचा तो नारळ, अक्कांच्या ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवलेला होता. दर श्रावणात अक्का तो बाहेर काढत, हळदकुंकू लावत आणि परत ठेवत. त्यांना एकच इच्छा होती, ती कानबाई पुन्हा एकदा घरात बसलेली बघायची. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, नंतरच्या एका वर्षी, कुरडयांचा चीक ढवळताना. मी म्हटलं, "मग जाऊन बोला की धाकटीशी." अक्कांनी ढवळणं थांबवलं नाही. "मी मोठी शे," एवढंच म्हणाल्या. मला राग आला होता. आख्ख्या मुलखाला नियम लावणारी बाई, आणि एक गुडघ्याएवढा कठडा हिला ओलांडता येत नाही.

तो काळा तुकडा कुठल्या खापराचा, हे मी विमलनं सांगितलं त्याच दिवशी ओळखलं. विचारलं नाही.

पुढं जे झालं ते एका वावधनामुळं. वैशाखात दुपारी उठणारं धुळीचं वादळ, त्याला तिकडे वावधन म्हणतात. त्या दिवशी खेळ रंगात होता. विमल राजधानीच्या वेशीवर, मी एका चिखलाच्या कडेला अडकलेली, कुसुममावशी आपली कवडी कुठं ठेवली ते विसरलेल्या. पश्चिमेकडून आभाळ पिवळं झालं. आम्ही उठेपर्यंत वारा आलासुद्धा. धोतराची कड उचलली गेली, वाळलेली बिबडी पत्रावळ्यांसारखी उडाली आणि सगळा मुलूख, गावांसकट आणि सोंगट्यांसकट, कठड्यावरून पलीकडे जाऊन पडला.

पलीकडे धाकटी आपली बिबडी गोळा करत होती. धोतर तिच्या पायाशी येऊन थांबलं. वारा जसा आला तसा गेला. धाकटी वाकली. आधी तिनं धोतराला चिकटून राहिलेली बिबडी नीट केली, लाल बटण उचललं, गुंज उचलली. मग तिच्या हाताला तो तुकडा लागला.

तिनं तो उलटा करून बघितला. काळी बाजू बघितली. ती कुठल्या खापराची हे तिला कुणी सांगायला नको होतं. इतकी वर्षं रोज समोर दिसत असलेल्या माणसानं आपल्या भांडणाचा तुकडा जपून ठेवला आहे, आणि त्याची गोष्ट करून शेजारणींना सांगतो आहे, हे कळल्यावर बाईनं काय करावं? मला वाटलं ही तो आता खाली रस्त्यावर भिरकावणार. विमलनं माझा दंड धरला. अक्का उभ्याच होत्या, पदर सुटलेला, केसांत धूळ.

धाकटीनं धोतर खांद्यावर टाकलं, लुगडं जरा वर खोचलं आणि कठडा ओलांडून ती अलीकडे आली. धोतर तिनं जागेवर पसरलं. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग बसली आणि तुकडा आपल्यासमोर ठेवून म्हणाली, "खापर मना मुलूखमा पडनं. डाव मना शे."

 तिनं खेळ किती बारकाईनं ऐकला होता ते आम्हाला त्या एका वाक्यात कळलं. अक्कांचा चेहरा मी बघत होते. त्या नाही म्हणू शकल्या असत्या. खेळ त्यांचा, गच्ची त्यांची.

"बठ," अक्का म्हणाल्या. ती बसलेलीच होती. "नियम मुलूखना शे. माले बी लागू शे."

ज्याच्याकडे खापर येईल त्याला राखणदाराला एक प्रश्न विचारता येतो, असाही एक नियम होता. राखणदार म्हणजे अक्का. वाऱ्यानं धोतर हलून खापर दोनदा माझ्या गावात येऊन पडलं होतं आणि दोन्ही वेळा मी फालतू प्रश्न विचारून ते घालवलं होतं. धाकटीनं चिंचोके हातात घेतले, पण टाकले नाहीत.

"माले इचारानं शे. तिसरीनं काय व्हयनं?"

अक्का खाली बसल्या. घाट्याचं पातेलं त्यांनी जवळ ओढलं आणि थापायला सुरुवात केली. हात कामात असल्याशिवाय त्यांना गोष्ट सांगता येत नसे. एक बिबडं थापून झालं, दुसरं झालं. मला वाटलं आजही त्या टाळणार.

"तिसरी एक नव्हती," त्या म्हणाल्या. "दोन व्हत्यात. मोठी आन धाकली. एकच घरन्या सुना. सासू गयी, आन खापर मांगे ऱ्हायनं. दोन्हीस्ले जोयजे व्हतं. दोन्हीस्नी धरं."

"मंग?"

"धाकलीनी सोडं."

"काबर सोडं?"

विमल चुळबुळली. मी तिला डोळ्यांनी दटावलं. अक्का तिसरं बिबडं थापत होत्या, त्याच जागी, पुन्हा पुन्हा, ते पातळ होत होत कापड दिसायला लागलं.

"खापर चुल्हावरथीन तवयच उतारेल व्हतं," अक्का म्हणाल्या. "तपेल व्हतं. मोठीना हातमा पदरना बोळा व्हता. धाकलीना हात उघडा व्हतात."

"मोठीले माहीत व्हतं?"

"माहीत व्हतं."

"तवयपासून?"

"तवयपासून," अक्का म्हणाल्या. "तिनं तोंड मी देखं. ती वरडनी बी नही. नुसतं सोडं."

मोठी आणि मी यांतला फरक गोष्टीतून कधी गळून पडला ते अक्कांना कळलंही नसेल. माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. कधी गार न होणारं खापर! इतकी वर्षं ही बाई आम्हाला सांगत होती की ते खापर तापलेलं होतं, कायम तापलेलं, हात लावला तर भाजणारं. आळीतल्या प्रत्येकीला त्यांनी हे सांगितलं होतं. जिला सांगायचं ती कठड्यापलीकडे बसून ऐकत होती.

धाकटी हसली नाही, रडली नाही. तिनं चिंचोके टाकले. तीन पांढरे पडले. तिनं तुकडा तीन गावं पुढं सरकवला आणि एक ओलं बिबडं आलं तिथं थांबली.

"हात दखाड," अक्का म्हणाल्या.

"आते काय दखाडू? कितला वरीस व्हयनात."

तरी तिनं हात पुढं केला. त्यावर काही नव्हतं, सकाळच्या पिठाचे वाळलेले पापुद्रे तेवढे होते. अक्कांनी तो दोन्ही हातांत धरला आणि एका एका बोटावरचं पीठ सोलून काढत बसल्या. कुसुममावशी त्या वेळी पदरानं डोळे पुसत होत्या. मला माझं रडू लपवायचं कारण वाटलं नाही, मी सरळ रडले.

मग धाकटीच म्हणाली, "भूक लागनी."

बिबड्याचा गरम घाटा आणि त्यावर कच्चं तेल, हा त्या दिवसांतला आमचा ठरलेला खाऊ. विमलनं ताटलीत वाढून तिच्यापुढं ठेवला. धाकटीनं ताटलीला हात लावला नाही. ती अक्कांकडे बघत राहिली. तेव्हा आमच्या लक्षात आलं. खापर तिच्याकडे होतं. तिला स्वतःच्या हातानं जेवता येत नव्हतं.

अक्कांनी घास केला, फुंकर मारून गार केला आणि तिच्या तोंडात घातला.

"नियम शे," त्या आम्हाला उगीचच म्हणाल्या.

त्या श्रावणात कानबाई बसली. धाकटी त्यासाठी माहेरी जाऊन आली आणि बोदवडहून नवं खापर घेऊन आली, गोधडीत गुंडाळून, सगळा रस्ता मांडीवर धरून. एस.टी.त शेजारच्या माणसानं विचारलं म्हणे, पोर आजारी आहे का. ट्रंकेतला नारळ बाहेर आला, त्याला नथ घातली, डोळे रेखाटले. दोन्ही भाऊ एका पाटावर बसलेले बघून आळीतले पुरुष त्यांची थट्टा करत होते, कारण या भावांचं आपसात भांडण कधीच नव्हतं, ते पानाच्या टपरीवर रोज भेटत. रोट घरच्यांनीच खायचा असतो, म्हणून आम्हाला तो मिळाला नाही. अक्कांनी आम्हाला दारात उभं करून तो लांबून दाखवला आणि "देखा बठ्ठ्या", म्हणजे बघा सगळ्याजणी, असं म्हणून आत नेला. एवढा माज मी कुणाच्याही तोंडावर इतका शोभलेला पाहिला नाही.

कठडा त्याच वर्षी काढला. धोतराच्या जागी मग दोन धोतरं जोडून मुलूख मोठा झाला. अक्कांच्या राज्यात आता एक विरोधी पक्ष आला होता. धाकटी नियमांवर वाद घाली, काळ्या फौजेशी तह करता येतो असं म्हणे, आणि अक्का तिला "बोदवडनी कायदेपंडित" म्हणून चिडवत. दोघी भांडत, अगदी तोंड लाल होईपर्यंत. बोलणं मात्र पुन्हा कधी बंद पडलं नाही.

आमची बदली नाशिकला झाली तेव्हा अक्कांनी मला डबाभर बिबडे दिले. मी म्हटलं, "अक्का, खापराची चौथी मालकीण कोण?" त्या म्हणाल्या, "मुलूख ठरावी. तू कसाले घाई करस, कराडवाली?" मग माझी गुंज माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "तुना डाव बाकी शे."

अक्का गेल्या त्या हिवाळ्यात मला जाता आलं नाही. आखाजीला गेले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात आणि पुरणाचे मांडे करतात. त्या वर्षीची घागर अक्कांची होती. गच्चीवर तीन दगडांची चूल पेटलेली, तिच्यावर बोदवडचं खापर, आणि धाकटी कोपरापर्यंत लांबवलेला मांडा अलगद त्याच्यावर टाकत होती. तिचेही केस पांढरे झाले होते. मला बघून ती उठली नाही, मांडा अर्धा झाला होता. "बठ. पहिला घागरले, दुसरा तुले," म्हणाली. पलीकडे दोन धोतरांवर बिबडे वाळत होते आणि मधोमध तो काळा तुकडा होता. मी माझी गुंज पर्समधून काढून त्याच्या शेजारच्या गावात ठेवली. ते वाळलेलं आहे की नाही ते आधी बोट लावून बघितलं.

मांडे संपायला आले आणि पश्चिमेकडून आभाळ पिवळं झालं. धुळीत घास कोण खाणार? धाकटी म्हणाली, "खापर जिनामा लयी जाऊत. कराडवाली, तू तथाईन धर."

मी घाईनं पुढं झाले आणि दोन्ही हात खापराकडे नेले. धाकटीनं माझ्या मनगटावर चापट मारली. खांद्यावरचं फडकं काढलं, त्याची घडी केली, ती माझ्या दोन्ही तळव्यांवर नीट बसवली आणि हात लावून बघितली. वारा गच्चीवर आला होता, बिबडी उडायला लागली होती, विमल खालून हाका मारत होती. धाकटीनं सावकाश आपल्या पदराचा बोळा केला आणि मग दुसरी बाजू धरली.

"आते उचल," ती म्हणाली.